तेव्हा तू कुठे होतास?

पाचशे वर्षं जगलेला माणूस नव्याने प्रेमात पडला, तर पहिल्या भेटीत काय बोलेल? मी नुकत्याच वाचून संपवलेल्या कादंबरीतला व्हॅम्पायर म्हणतो, "तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस." मग तो नायिकेला एका उंची रेस्टॉरंटात नेतो, तिला न विचारता तिच्यासाठी जेवण मागवतो आणि स्वतः काहीही न खाता ती एकेक घास कसा गिळते ते टक लावून बघत बसतो. नायिकेच्या काळजाचा ठोका चुकतो. माझाही चुकला असता, पण वेगळ्या कारणाने. मी आधी बाहेर जायचा दरवाजा कुठे आहे ते पाहून ठेवलं असतं.

पुस्तकाचं नाव मुद्दाम घेत नाही. एक तर माझी तक्रार या एकाच पुस्तकापुरती नाही, आणि ज्यांना ते आवडलंय त्यांच्याशी हुज्जत घालायची मला हौस नाही. चेटकीण आणि व्हॅम्पायर यांची प्रेमकथा, सहाशेच्या वर पानं, मुखपृष्ठावर चंद्र आणि शेवटच्या पानावर दुसऱ्या भागाची जाहिरात. एवढ्यावरून ओळखायचं त्याने ओळखावं. खरं तर एवढ्यावरून डझनभर पुस्तकं ओळखता येतील.

आणि 'तसल्या पुस्तकांकडून अपेक्षा तरी कसली ठेवायची?' असं नाक मुरडणाऱ्यांच्या पंगतीलाही मला बसायचं नाही. पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे अशा अमानवी पात्रांच्या प्रेमकथा, मला मनापासून आवडतो. साध्या प्रेमकथेत हल्ली अडथळेच उरलेले नाहीत. गैरसमज झाला तर एका फोनवर मिटतो, म्हणून लेखकाला नेमकी त्या क्षणी फोनची बॅटरी संपवावी लागते. इथे मात्र दोघांपैकी एकाला मरण चुकत नाही आणि दुसऱ्याला मरताच येत नाही. एकाची भूक म्हणजे दुसऱ्याच्या जिवावरचा धोका. इतका भक्कम पाया फुकटात मिळालेला असताना त्यावर कुणी पत्र्याची शेड बांधली, तर चिडचिड होणारच.

तर कथा अशी. नायिका जुन्या कागदपत्रांची डागडुजी करणारी. वाळवी लागलेली, भिजलेली, तुकडे झालेली पानं जोडून देणं हा तिचा पेशा. घराण्यातच जादू आहे, पण तिला ती नकोशी आहे. नायक जर्मनीतल्या फ्रँकोनिया प्रांतातला सरदार, जन्म पंधराशेच्या आसपासचा. आता त्याच्याकडे एक किल्ला, एक तळघर भरून वाइन आणि एक वेगवान गाडी आहे. कुठल्याशा प्राचीन पोथीवरून दोघांची गाठ पडते. पोथीच्या मागे इतर व्हॅम्पायर आहेत, इतर चेटकिणी आहेत, एक गुप्त मंडळ आहे. मंडळाचे लोक सतत कुठल्या तरी गोल टेबलाभोवती बसून 'नियम मोडला गेला आहे' असं म्हणतात. नियम काय होता ते मात्र मला शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही.

इथवर ठीक होतं. हे सगळं या प्रकाराचं घरगुती सामान आहे, ते असणारच. पण दोनशे पानांच्या आसपास एक प्रकरण येतं आणि मी उठून ताठ बसले. नायिकेच्या टेबलावर सतराव्या शतकातलं एक चोपडं येतं. फ्रँकोनियातल्याच बांबर्ग शहरातल्या चेटूक-खटल्यांच्या जबान्यांचं. ती आधी शिवण तपासते, मग शाईने कागद कुठे खाल्लाय ते बघते, आणि काम करता करता वाचू लागते. सुरुवातीला कारकुनाचं अक्षर सुबक आहे. जसजशी पानं पुढे जातात तसतसं ते घाईचं होत जातं. प्रश्न लिहायचंही तो सोडून देतो, नुसते आकडे टाकतो, कारण प्रश्न तेच असतात. उत्तरंही तीच होत जातात. मग एका पानावर तिला स्वतःचं आडनाव दिसतं. लेखिकेने इथे एकही विशेषण वाया घालवलेलं नाही. नायिका पान उलटत नाही, ती फक्त ते नाव असलेल्या जागेवरची घडी सरळ करते. मला वाटलं, आता खरी कादंबरी सुरू होतेय.

तेवढ्यात दार उघडतं. नायक आत येतो, हवेचा वास घेतो, तिच्या नाडीचा वेग वाढल्याचं त्याच्या लक्षात येतं आणि तो म्हणतो, "इथे तू सुरक्षित नाहीस." पुढच्या पानावर दोघं गाडीत. ते चोपडं नंतर कादंबरीत पुन्हा येत नाही. म्हणजे येतं एकदा, पण कुणीतरी ते चोरतं म्हणून, त्यात काय लिहिलंय म्हणून नाही.

माझी निराशा इथे सुरू झाली आणि तिला कारण आहे. कारण बांबर्ग ही काही लेखिकेच्या मनातली नगरी नाही.

१६२६ ते १६३१ या काळात बांबर्ग आणि शेजारचं वुर्झबर्ग या दोन धर्मसत्ताक संस्थानांमध्ये चेटूक-खटल्यांची जी लाट आली, ती युरोपातल्या सर्वांत भीषण लाटांपैकी एक. राज्य करणारे बिशपच, आणि खटलेही त्यांच्याच अंमलाखाली. बांबर्गमध्ये तर संशयितांना ठेवण्यासाठी १६२७ मध्ये खास तुरुंग बांधला होता. १६२६ च्या मे महिन्याच्या अखेरीस त्या भागात कडाक्याचं दव पडून द्राक्षमळे आणि उभी पिकं करपली. ऐन मे महिन्यात असं थंडीने पीक जातं म्हणजे कुणाचं तरी काम असणार, असं लोक म्हणू लागले, आणि राज्यकर्त्यांना ते ऐकायचंच होतं. वुर्झबर्गची १६२९ च्या फेब्रुवारीपर्यंतची एक यादी टिकून आहे. एकोणतीस वेळा पेटवलेल्या चितांमध्ये १५७ माणसं. त्या यादीत सगळ्यांची नावंही नाहीत. कुठे नुसतं 'परगावची बाई', कुठे 'नऊ-दहा वर्षांची मुलगी'.

बांबर्गच्या बाबतीत एका माणसाचं पत्र उरलं आहे. योहानेस युनियस, वय ५५, शहराचा नगराध्यक्ष. त्याच्या बायकोला आधीच मारलेलं होतं. १६२८ च्या उन्हाळ्यात त्याला धरला. अंगठे चेपायच्या चापाने त्याची बोटं चिरडली, मग हात मागे बांधून दोरीने वर ओढून खाली सोडायचे, असं आठ वेळा केलं. तो कबूल होईना. तेव्हा खुद्द जल्लादाने त्याला विनवलं, की साहेब, देवाखातर काहीतरी कबूल करा, खरं असो खोटं असो. हे तुम्हाला सोसवणार नाही, आणि सोसलंत तरी ते सोडायचे नाहीत. मग युनियसने गोष्ट रचली. काळ्या कुत्र्यावर बसून आपण चेटक्यांच्या मेळ्याला उडत गेलो, असं सांगितलं. तेवढ्याने भागलं नाही, तिथे आणखी कोण कोण होतं ते सांग म्हणाले. कुणाला ओळखलं नाही म्हटल्यावर त्याला शहरातली एकेक गल्ली घेऊन विचारत गेले, या गल्लीतलं कोण, त्या गल्लीतलं कोण.

हे सगळं आपल्याला माहीत आहे ते त्याने २४ जुलै १६२८ ला आपल्या मुलीला, व्हेरोनिकाला, तुरुंगातून लपवून पाठवलेल्या पत्रामुळे. निरपराध आत आलो, निरपराध छळ सोसला, निरपराध मरणार, असं तो लिहितो. पत्र लिहायला आपल्याला कित्येक दिवस लागले, कारण दोन्ही हात लुळे आहेत, हेही लिहितो. आणि हे पत्र आणणाऱ्या माणसाला एक थालर, म्हणजे चांदीचं एक नाणं, दे, हेही सांगतो. ऑगस्टमध्ये त्याला मारलं.

आता पुन्हा कादंबरीकडे या. नायिका त्या शहरातल्या बळींच्या वंशातली. नायक त्याच प्रांतातला सरदार, जन्म पंधराशेच्या आसपासचा, म्हणजे १६२८ साली त्याचं वय सव्वाशेच्या घरात आणि अंगात दहा माणसांचं बळ. एका रात्रीत तो तुरुंगाच्या भिंती ओलांडू शकत होता. आणि नायिकेच्या हातात तेच चोपडं. सहाशे पानांच्या कादंबरीत एक प्रश्न अगदी समोर येऊन उभा राहिला आहे: तेव्हा तू कुठे होतास?

तो प्रश्न ती विचारत नाही. पहिल्या भेटीत नाही, त्याच्या किल्ल्यात नाही, एवढंच काय, लग्नाची मागणी आल्यावरही नाही. ती विचारते ते असं: "तुला माझ्याआधी किती जणी आवडल्या?" तो म्हणतो, "तुझ्यासारखी एकही नाही." झालं, प्रकरण संपलं. पाचशे वर्षांच्या माणसाची चौकशी इतक्यात आटोपली. आपल्या विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ निदान वाटेत एकेक अवघड प्रश्न तरी टाकायचा. इथे खांद्यावरचा गप्प आणि ज्याच्या खांद्यावर तोही गप्प.

मला वाटतं लेखिकेला इतिहास हवा आहे, पण भिंतीवर टांगायला. नायक चित्रकारांना ओळखत होता, राजांबरोबर जेवला होता, मोठमोठ्या लढायांत लढला होता. आठवणी म्हणून तो सांगतो त्या सगळ्या प्रसिद्ध माणसांच्या. मोची, पखालवाला, गावातली वेडी, यांच्यातलं कुणी त्याला आठवत नाही. प्रत्यक्षात इतकी वर्षं जगलेल्या माणसाच्या डोक्यात काय गुंतागुंत असेल! १५८२ साली पोप ग्रेगरीने दिनदर्शिकेतले दहा दिवस गाळून टाकले. कॅथलिक मुलुखांनी ते मानलं आणि शेजारच्या प्रॉटेस्टंट जर्मन संस्थानांनी १७०० सालापर्यंत मानलं नाही. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं नदी ओलांडली की तारीख बदलायची. असा माणूस स्वतःचा वाढदिवस कुठल्या हिशेबाने मोजत असेल, एवढं जरी लेखिकेने त्याला विचारलं असतं, तरी तो मला जिवंत वाटला असता. जिवंत म्हणजे, तुम्हाला कळलं.

उलट जे सांगितलंय ते चुकीचं. एका प्रसंगात हा नायक सेलममध्ये चेटकिणींना 'जाळलं' म्हणून हळहळतो. १६९२ च्या सेलममध्ये कुणालाही जाळलेलं नाही. तिथे इंग्लंडचा कायदा चालायचा आणि त्यात फाशी होती. एकोणीस जणांना फाशी दिली, आणि जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याने जबाब द्यायलाच नकार दिला म्हणून त्याच्या अंगावर धोंडे रचून त्याला चिरडला. नायिकेची मावशी तर नव्वद लाख चेटकिणी मारल्या गेल्याचं छातीठोक सांगते. हा आकडा अठराव्या शतकाच्या अखेरीस एका जर्मन गृहस्थाने एका गावच्या थोड्याशा कागदांवरून सगळ्या युरोपाचा गुणाकार करून काढला होता. आजचे अभ्यासक चाळीस ते पन्नास हजारांच्या आसपासचा आकडा धरतात, आणि त्यातल्या तीन चतुर्थांश बायका. ते काय कमी आहेत? मावशीचं एक वेळ समजू शकते, तिने कुठेतरी वाचलं असेल. पण नायक तर तेव्हा हयात होता ना!

तपशिलातली ही चूक मी एरवी सोडून दिली असती. कादंबरीत चुका होतात. पण त्यापेक्षा मोठी अडचण या प्रकारच्या सगळ्याच पुस्तकांत आहे, आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. बांबर्गमध्ये मेलेली माणसं चेटकी नव्हती. युनियस कुत्र्यावर बसून उडाला नव्हता, तो मार चुकवायला खोटं बोलला होता. त्या सगळ्या प्रकरणातलं भयंकर हेच आहे. आता लेखिका अशी दुनिया उभी करते की चेटकिणी खऱ्या आहेत, त्या खरंच वारा उठवतात, दव पाडतात, माणसाचं मन वाचतात. तसं असेल तर न्यायासनावर बसलेला बिशप निदान अर्धा बरोबर ठरतो! नायिकेची पूर्वज 'खरी' चेटकीण होती हे कादंबरी अभिमानाने सांगते. म्हणजे तिच्यावरचा आरोप खरा होता.

ही अडचण म्हणजे लेखिकेच्या दारात आलेली लक्ष्मी होती. कारण यातून किती गोष्टी निघतात! खऱ्या चेटकिणी गावात होत्या, त्यांच्याकडे ताकद होती, आणि शेजारपाजारच्या निरपराध बायका त्यांच्या नावाने जळत होत्या. मग त्यांनी काय केलं? पुढे होऊन 'ती नाही, मी' असं कुणी म्हटलं का? की जीव वाचवायला खिडक्या लावून बसल्या? नायिकेच्या घराण्यात जादू न वापरण्याची जी शपथ आहे, तिचं मूळ इथे असू शकलं असतं. ताकद असूनही तेव्हा वापरली नाही याची लाज पिढ्यान् पिढ्या उतरत आली, म्हणून ही मुलगी जादूला हात लावत नाही. कादंबरीत तिने जादू सोडण्याचं कारण काय दिलंय? लहानपणी तिच्या हातून चुकून एक फुलदाणी फुटली आणि आई ओरडली.

बरं, जादूला काही मोलही पडत नाही. शेवटच्या लढाईत ती हात वर करते, आकाशातून वीज येते, शत्रू पडतो, ती नायकाच्या मिठीत बेशुद्ध होते. सकाळी उठते तेव्हा ठणठणीत. नायकाने नाश्ता मागवलेला असतोच. अख्ख्या घराण्याने जिच्या भीतीपायी शतकानुशतकं तोंड मिटून ठेवलं, ती ताकद वापरली आणि एका झोपेत भागलं.

आता व्हॅम्पायरकडे वळते, कारण त्याच्यावरही अन्यायच झालाय.

१७२५ साली सर्बियातल्या किसिलेवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता. त्याच्यामागे आठ दिवसांत गावातली नऊ माणसं गेली, आणि मरताना ती सांगू लागली की पेटार रात्री येऊन छातीवर बसतो. गावकऱ्यांनी थडगं उकरायचं ठरवलं. फ्रोमबाल्ट नावाचा सरकारी अधिकारी परवानगी द्यायला कचरत होता, पण गावकरी म्हणाले, तू ये नाही तर आम्ही गाव सोडून जातो. त्याने जाऊन पाहिलं आणि वर अहवाल पाठवला. प्रेत बरंचसं ताजं, दाढी-केस-नखं वाढल्यासारखी, तोंडाशी रक्त. लोकांनी छातीत सूळ ठोकला आणि जाळून टाकलं. आज कुठलाही शवचिकित्सक याचं कारण सांगेल. आत वायू साचून प्रेत फुगतं, लालसर द्रव तोंडावाटे बाहेर येतो, आणि कातडी आक्रसल्यामुळे नखं लांब झाल्यासारखी दिसतात. पण फ्रोमबाल्टला ते माहीत नव्हतं. त्याच्या अहवालाचा शेवट मला फार आवडतो. यात काही चूक झाली असेल तर ती माझी नसून भीतीने बेभान झालेल्या जमावाची आहे, असं त्याने वरिष्ठांना लिहिलं. तीनशे वर्षांत सरकारी कागदाची भाषा फारशी बदललेली नाही.

त्याच अहवालात एक ओळ आहे. पेटारची बायको म्हणाली, तो रात्री माझ्याकडे आला आणि त्याने आपले चामडी जोडे मागितले. ती मग गाव सोडून दुसरीकडे निघून गेली.

जोडे! मेलेला नवरा परत येतो आणि जोडे मागतो. ना रेशमी झगा, ना किल्ला, ना तळघरातली वाइन. बहुधा त्याला पुढे बरंच चालायचं असावं. ती बाई घाबरली असेल, पण तिला क्षणभर असंही वाटलं असेल का की देऊन टाकावेत, बिचाऱ्याचे पाय पोळत असतील? या एका ओळीत मला या अख्ख्या कादंबरीपेक्षा जास्त प्रेमकथा दिसते, आणि जास्त भीतीही. कारण तो परका सरदार नाही, घरचा माणूस आहे. मूळचा व्हॅम्पायर असाच असायचा. गावातला, ओळखीचा, मातीने माखलेला, सुजलेला. त्याला बघून कुणी प्रेमात पडणं शक्य नव्हतं, पण आधीच प्रेम असलेल्या माणसांकडेच तो यायचा.

त्याला सरदार केला तो १८१६ च्या उन्हाळ्याने. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या राखेने युरोपातला तो उन्हाळा नासवला. जिनिव्हाच्या सरोवराकाठी इंग्रज कवी लॉर्ड बायरन आणि त्याची मित्रमंडळी पावसाने घरात अडकून पडली, आणि वेळ घालवायला भुताच्या गोष्टी रचायचं ठरलं. बायरनचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी तिथे होता. त्याने पुढे जी गोष्ट लिहिली ती १८१९ मध्ये छापून आली, तीही बायरनच्या नावावर. तिच्यातला व्हॅम्पायर उमराव होता, देखणा, फिकट, बायकांना नादी लावून वाऱ्यावर सोडणारा. पॉलिडोरीने आपल्या मालकावरचा राग त्यात काढला होता, असं मानतात. मला गंमत वाटते ती अशी की ते चित्र रागाने काढलेलं होतं, आणि पुढच्या दोनशे वर्षांत त्याचाच नवरदेव झाला. पॉलिडोरीला जे दुर्गुण म्हणून दाखवायचे होते ते आता गुण म्हणून येतात. हुकूम सोडणं, पाळत ठेवणं, 'माझ्यापासून लांब राहा' असं बजावून पुन्हा दारात येऊन उभं राहणं.

या कादंबरीतला नायक तर ती झोपलेली असताना खोलीत येऊन बघत बसतो. तिला न सांगता तिच्या ऑफिसात फोन करून तिची रजा टाकतो. तिच्या बहिणीशी तिने काय बोलायचं ते ठरवतो. दर वेळी कारण एकच, तुझ्या सुरक्षेसाठी. हे सगळं वाचून मला नैतिक धक्का वगैरे बसला नाही. कादंबरीतल्या माणसाने वाईट वागायला माझी ना नाही, उलट व्हॅम्पायर थोडा तरी वाईट हवाच. पण लेखिकेला हे वागणं वाईट आहे याचा पत्ताच नाही, हे मला खुपलं. तिला वाटतं ती काळजी लिहितेय. त्यामुळे नायक धड भीतीदायकही होत नाही आणि धड प्रेमळही होत नाही. रक्त पिणारा प्राणी शेवटी नुसता डोक्याला ताप देणारा पाहुणा होऊन बसतो.

आणि म्हणून त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे मी पुन्हा पुन्हा जाते. 'तेव्हा तू कुठे होतास?' या प्रश्नाला नायकाने काय उत्तर दिलं असतं, याचा खेळ मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ खेळले. इटलीत होतो, कळलंच नाही, असं म्हणाला असता तर खोटं पडलं असतं. त्या खटल्यांचा इतका बोभाटा झाला होता की बांबर्गहून पळालेली माणसं थेट सम्राटाच्या दरबारात दाद मागायला गेली होती. शेजारीच होतो, पण आमच्या जातीचा नियम होता माणसांच्या भानगडीत पडायचं नाही, असं म्हणाला असता, तर त्या गुप्त मंडळाच्या नियमाला निदान काही अर्थ आला असता. आणि तो नियम मोडून तो आज तिच्याबरोबर आहे याला वजन आलं असतं. तेव्हा नाही मोडला, आता मोडला. का? कारण तेव्हाची माणसं त्याला प्रिय नव्हती, एवढंच? हे उत्तर ऐकून त्याच्याबरोबर राहायचं की नाही ते नायिकेला ठरवावं लागलं असतं.

किंवा तो म्हणाला असता की मी तिथेच होतो. रात्री तुरुंगात जायचो. ती माणसं तशीही मरणार होती, आणि मला भूक होती.

मला हे ऐकायचं होतं. ऐकून नायिका गाडीतून उतरून चालू पडली असती तर चाललं असतं, उतरली नसती तर जास्तच चाललं असतं, कारण मग पुढची तीनशे पानं तिला स्वतःला तोंड द्यावं लागलं असतं. प्रेमकथेचा शेवट गोड व्हावा हा या प्रकाराचा अलिखित करार आहे आणि तो मला मान्य आहे. पण गोड शेवट मिळवावा लागतो. इथे लेखिका नायकाला एकही पाप करू देत नाही. पाचशे वर्षांत त्याने म्हणे फक्त दुष्टांचं आणि जनावरांचं रक्त प्यायलं. इतका सोवळा व्हॅम्पायर असेल तर त्याला क्षमा तरी कशाची करायची, आणि क्षमा नसेल तर ती जवळ येते कशी? दोघं एकमेकांना आवडतात, कारण दोघंही फार सुंदर आहेत. सुंदर माणसं एकमेकांना आवडली यात बातमी कसली?

तिकडे त्या चोपड्याच्या प्रकरणात मात्र लेखिकेचा हात खरा होता. म्हणून हे पुस्तक मी रागाने फेकून देऊ शकत नाही. शाई कागद कशी खाते हे तिला माहीत आहे, कारकुनाचं अक्षर कंटाळ्याने कसं बिघडतं हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं असणार. हे असं उसनं आणून लिहिता येत नाही. जिला एवढं दिसतं तिला त्या प्रकरणाचं पुढे काय करायचं हेही कळत असणार, असं मला राहून राहून वाटतं. संपादकाने सांगितलं असेल की नायकाला पुस्तकात यायला फार उशीर होतोय, किंवा वाचकांना जबान्या नकोत, किल्ला हवा. किंवा तिलाच तिथे थांबायची भीती वाटली असेल, कारण त्या पानाशी थांबलं की मग रेस्टॉरंटातल्या जेवणाकडे परत जाता येत नाही.

दुसरा भाग आलाय. मागच्या कव्हरवरचा मजकूर मी वाचला. दोघं आता व्हेनिसला चाललीत, तिथे मुखवट्यांचा उत्सव आहे, आणि नायकाची एक जुनी प्रेयसी परत येणार आहे. तिचं वय सातशे. ती तरी त्याला काही विचारेल अशी आशा आहे. पण पैसे मी पहिल्या भागालाच घातलेत. दुसरा कुणाकडून मिळाला तर वाचेन.